मागे सरणे नाही

संभाजी कांबळ्यांच्या ट्रकचा ब्रेक एकदा दाबून लागत नाही, दोनदा दाबावा लागतो, हे येरवड्याच्या त्या वस्तीत लहान पोरालाही ठाऊक होतं. पण विहारातल्या बैठकीत, सगळ्यांच्या देखत ते बोलून दाखवायला आजवर कोणी धजावलं नव्हतं. यंदा हिंमतराव धजावले.

हिंमतराव म्हणजे जयंती मंडळाचे अध्यक्ष. माणूस तोंडाचा तिखट, पण मनाचा वाईट नाही. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "आबा, राग मानू नका. यंदा मिरवणुकीला तुमची गाडी नको."

सगळ्या माना संभाजी आबांकडे वळल्या. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढं आबांचा ट्रक, त्यावर फुलांत सजवलेली बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि ट्रकच्या पुढ्यात लेझीम खेळणारी पोरं, हे चित्र बदलेल असं तिथल्या कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. स्टेशनजवळच्या पुतळ्यापर्यंतचा तो रस्ता त्या ट्रकला तोंडपाठ होता.

"गेल्या वर्षी काय झालं, सगळ्यांनी पाहिलंय," हिंमतराव म्हणाले. "मेकॅनिकनं आदल्या दिवशी ब्रेक हातानं आवळले. पुलाच्या उतारावर आबांनी पाय ठेवला आणि गाडी गेली डावीकडे. कडेच्या टेबलावरचं सरबताचं अख्खं पातेलं आडवं. तिथं पातेल्याच्या जागी पोर असतं तर?"

आबांनी मान खाली घातली. चौऱ्याहत्तर वर्षांचा, खडकीच्या कारखान्यात आयुष्यभर लोखंडाशी झुंजलेला माणूस, पण या वेळी सतरंजीची दशी ओढत बसला. कारण प्रश्न खरा होता.

आणि तेव्हाच मागच्या सतरंजीवरून एक हात वर गेला.

तो हात दीक्षाचा होता. दीक्षा म्हणजे आबांची नात. नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही मुलगी हजेरीला "प्रेझेंट" म्हणतानासुद्धा पुढच्या बाकावरच्या मुलीच्या पाठीला सांगायची. मग शाळेत ऑटोमोबाईल विषय आला. वर्गात मुली कमी, मुलगे फार. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे कार्बोरेटर कोण उघडून दाखवेल?" सगळे एकमेकांकडे बघत राहिले, आणि दीक्षाचा हात कसा कोण जाणे, आपला आपणच वर गेला. तिनं ते उघडलं, साफ केलं, बसवलं, आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. तेव्हापासून तो हात जो वर गेला तो खाली यायचं नावच घेईना. भाजी महाग लावणाऱ्या भाजीवालीपुढं, रिक्षात जास्त माणसं कोंबणाऱ्या रिक्षावाल्यापुढं, सगळीकडे तो वर जायचा.

"काय गं?" हिंमतराव म्हणाले. "पाणी हवंय?"

"नाही काका. ब्रेक मी नीट करते."

हशा पिकला. पप्पा, म्हणजे दीक्षाचे वडील प्रज्ञेश, हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवायचे. ते ड्युटीवर होते म्हणून दीक्षा वाचली, नाहीतर त्यांनी तिला ओढणीला धरून खाली बसवलं असतं.

"तू?" हिंमतराव म्हणाले. "दोन मेकॅनिक झाले बाई. एकानं मास्टर सिलेंडर बदलला, दुसऱ्यानं पाइपातली हवा काढली, परत आवळाआवळी केली. तू काय करणार? समजूत घालणार ब्रेकची?"

"आधी उघडून बघणार," दीक्षा म्हणाली. "त्यांनी चाकांतले ब्रेकचे ड्रम उघडलेच नव्हते. मी तिथंच उभी होते."

यावर हिंमतरावांनी पुन्हा चष्मा पुसला. मग म्हणाले, "ठीक. रविवारी सकाळी मैदानात गाडी चालवून दाखवा. एका दाबात, सरळ थांबली पाहिजे. पोरांच्या जागी मी स्वतः पुढं उभा राहतो. मला धक्का लागला तर मंडळानं नवा अध्यक्ष शोधावा."

"तो तसाही शोधतोच आहोत," मागून कोणीतरी म्हणालं, आणि बैठक हसत संपली.

आबा मात्र हसले नाहीत. घरी जाताना वाटेत ते एवढंच म्हणाले, "पोरी, गाडी पुढं नसली तरी मी चालत जाईन. तेवढे पाय आहेत अजून." आणि ते ज्या आवाजात म्हणाले, तो ऐकून दीक्षानं त्यांचा हात धरला. कारण ते चालत जातील आणि मिरवणुकीच्या शेवटी चालतील, हे तिला माहीत होतं.

तो ट्रक साधासुधा नव्हता. लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावात आबांनी तरुणपणी घेतलेला, अमेरिकन बनावटीचा, पुढून बोकडासारखं नाक काढलेला. आणल्यानंतरच्या पहिल्याच जयंतीला एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी काही लोकांनी हातगाडी आडवी लावली होती. "इथून पुढं नाही. गाडी मागं घ्या," म्हणाले. आबांनी इंजिन बंद केलं, खिशातून शेंगदाणे काढले आणि स्टिअरिंगवर बसून खायला लागले. त्यांच्यामागं सगळी मिरवणूक बसली. ऊन उतरलं, सावल्या लांबल्या, कोणी उठेना. शेवटी ज्यांनी हातगाडी लावली त्यांनाच ती काढावी लागली, कारण त्यांनाही घरी जायचं होतं. गाडी पुढंच गेली. दुसऱ्या दिवशी आबांनी पेंटर बोलावून मागच्या फळीवर निळ्या अक्षरांत लिहून घेतलं: मागे सरणे नाही.

आणि त्यांनी ते अक्षरशः पाळलं! त्या दिवसापासून ट्रक रिव्हर्समध्ये गेला नाही. घराशेजारच्या मोकळ्या जागेला दोन तोंडं होती. एकीकडून आत यायचं, दुसरीकडून बाहेर पडायचं. एकदा पालिकेनं ड्रेनेजसाठी पुढची गल्ली खणली, तर खड्डा बुजेपर्यंत ट्रक आत अडकून पडला, लग्नाच्या सामानाचं भाडं गेलं, पण आबांनी गाडी मागं घेतली नाही. कोणाला किल्ली देत नसत. मेकॅनिक ट्रककडे यायचा, ट्रक मेकॅनिककडे जायचा नाही. वस्तीला याचा अभिमान होता. दीक्षालाही होता. शाळेत ती ही हातगाडीची गोष्ट सांगायची तेव्हा शेंगदाण्यांचा तपशील कधी गाळायची नाही.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षानं जुना शाळेचा ड्रेस चढवला, ओढणी कमरेला खोचली आणि आधी केबिनमध्ये चढून नुसती बसली. आमोद सरांनी, म्हणजे ऑटोमोबाईलच्या सरांनी, वर्षभर एकच घोकून घेतलं होतं: पाना हातात घेण्याआधी रोग ओळखा.

तिनं पॅडल दाबलं. पाय जवळजवळ पत्र्याला टेकला. सोडून पुन्हा दाबलं. या खेपेला पॅडल वर आलं, आणि कडक लागलं. तसंच दाबून ठेवलं. खाली सरकत नव्हतं.

"आबा!" ती खिडकीतून ओरडली. "पाइपात हवा असती तर पॅडल रबरासारखं लागलं असतं. ऑइल गळत असतं तर दाबून ठेवल्यावर हळूहळू खाली गेलं असतं. हे तर दगड आहे दगड!"

"म्हणजे?" आबा खाली बाजेवर बसले होते.

"म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे आतले शू त्याच्यापासून फार लांब आहेत. पहिला दाब त्यांना नुसतं जवळ आणण्यात जातो. दुसरा दाब ब्रेक लावतो."

"ते तर आपोआप जवळ यायला पाहिजेत. ऑटोमॅटिक आहे ते. लिलावात घेताना तिथल्या सुभेदारानं सांगितलं होतं मला."

"आहे ना! मग ते आपोआप का होत नाहीये, तेवढंच शोधायचंय." तेवढंच, असं ती फार सहज म्हणाली.

तिनं सरांना फोन लावला. सर म्हणाले, "एका वेळी एकच चाक उघड. दुसरी बाजू तशीच ठेव, म्हणजे विसरलीस तर बघायला नमुना राहील. आणि डावीकडचा भाग उजवीकडे बसवू नकोस, त्यांचे आटे उलटे असतात. दोन्ही बाजू एकदम उघडून बसलीस तर माझं नाव कोणाला सांगू नकोस."

मग सुरू झालं काम. पुढच्या चाकांना दगड लावले, मागचं डावं चाक जॅकवर उचललं, खाली जाड लाकडी ठोकळे रचले. चाकाचे नट इतके गंजलेले की दीक्षा पान्याच्या दांड्यावर अक्षरशः उभी राहिली तेव्हा पहिला नट कुरकुरला. ड्रम निघाला आणि आतून काळी धूळ पडली. ती फुंकायची नसते, ओल्या फडक्यानं पुसायची असते. दीक्षानं नाकाला ओढणी बांधली आणि पुसली. आत दोन अर्धचंद्रासारखे शू, वर सिलेंडर, खाली दोघांच्या मधोमध एक आडवा स्क्रू आणि त्याच्या गळ्यात छोटीशी दातेरी चक्री. चक्रीच्या दातांना टेकलेली, केबलनं आणि स्प्रिंगनं धरलेली एक लोखंडी पट्टी. चक्री एक दात फिरली की स्क्रू लांब होणार, शू ड्रमच्या जवळ सरकणार. तिला वाटलं, चक्री गंजून बसली असणार. पण तिनं बोट लावलं तर चक्री गरगर फिरली! स्प्रिंग ठीक. केबल ठीक. पट्टी ठीक. शूवरचं घासायचं लायनर अजून भरपूर जाड.

दीक्षाचा चेहरा उतरला. काहीतरी तुटलेलं सापडलं असतं तर किती बरं झालं असतं!

तिनं सगळं साफ केलं, चक्रीच्या आट्यांना जरासं ग्रीस लावलं, बसवलं. मग दुसरं चाक. तिथंही तेच. गुरुवारी पुढची दोन. तिथंही तेच! चारही चाकं धडधाकट, आणि पॅडल मात्र खाली. हिंमतराव जाता जाता डोकावले. "काय म्हणतंय ऑटोमॅटिक?" त्यांनी विचारलं.

"विचार करतंय," दीक्षा म्हणाली.

"करू द्या. रविवारपर्यंत वेळ आहे त्याला."

शुक्रवारी तिनं मागचं डावं चाक पुन्हा उचललं. आता तिला बघायचं होतं की ब्रेक दाबल्यावर ती पट्टी हलते तरी का. त्यासाठी चाक कोणीतरी फिरवायला हवं आणि पॅडल कोणीतरी दाबायला हवं. आबा औषध आणायला गेले होते. घरात होती फक्त आजी.

"मी?" सुंदराबाई म्हणाल्या. "त्या सीटवर? लग्नाला पन्नास वर्षं झाली, अजून त्यांनी मला तिथं टेकू दिलं नाही."

"म्हणूनच चढ ना. ते यायच्या आत."

आजी मेथीची जुडी आणि ताट घेऊनच केबिनमध्ये चढली. ताट मांडीवर, मेथी ताटात, उजवा पाय ब्रेकवर. तिनं आधी स्टिअरिंगला हात लावून पाहिला, आरशात कपाळ पाहिलं, आणि मग हुकूम सोडला, "हं, सांग आता."

"दाब!"

"दाबलं!"

"सोड!"

"सोडलं!"

दीक्षा दोन्ही हातांनी चाक पुढच्या दिशेला जोरात फिरवायची, आजी दाबायची, चाक थांबायचं, आजी सोडायची. दीक्षा कान चाकाला लावायची. काही नाही. पुन्हा. काही नाही. आजीची अर्धी जुडी निवडून झाली, पट्टी हलल्याचा आवाज काही येईना.

आणि तेवढ्यात कमरेची ओढणी सुटली, तिचं टोक टायर आणि ठोकळ्याच्या फटीत गेलं. "अगं, थांब!" दीक्षा ओरडली आणि ओढणी सोडवायला तिनं चाक उलटं, मागच्या दिशेला, खसकन फिरवलं. वर आजीनं ओरडणं ऐकलं आणि घाबरून कोणी न सांगताच ब्रेक दाबला. मग सोडला.

टक.

दीक्षा जागच्या जागी गोठली.

"आजी! काय केलंस तू?"

"मी काही नाही केलं! तू ओरडलीस म्हणून दाबलं!"

"पुन्हा कर! तस्संच कर!"

चाक उलटं. दाब. सोड. टक. पुन्हा उलटं. टक. आता सुलटं. दाब, सोड, काही नाही. उलटं. टक! दीक्षा धुळीतच बसून हसायला लागली. चाक मागं फिरत असताना ब्रेक लागला की शू उलट्या बाजूला ओढले जात होते, केबल पट्टी उचलत होती, आणि पाय सोडला की पट्टी खाली येताना चक्रीचा एक दात पुढं ढकलत होती. पुढं जाताना हे व्हायचंच नाही. बनवणाऱ्यानंच तसं बनवलं होतं. बिघाड कुठं नव्हताच! गाडी रोज कुठं ना कुठं मागं घेतली जाणारच, तेव्हा ब्रेक आपले आपण सावरतील, असा त्याचा हिशेब. आबांसारखा गिऱ्हाईक भेटेल हे त्या बिचाऱ्याला कुठं माहीत!

तिनं सरांना फोन केला. सरांनी पलीकडून तिला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "बरोबर आहे गं. त्या जुन्या जातीचे ब्रेक रिव्हर्समध्येच सावरतात. मी वर्गात सांगितलं नव्हतं?"

"नाही सर."

"मग पुढच्या वर्षीच्या बॅचला तू येऊन सांग."

दीक्षाला वाटलं, आपण आता जॅकशिवाय ट्रक उचलू शकतो.

पण तो आनंद आबा फाटकातून आत येईपर्यंतच टिकला. त्यांच्या हातात औषधाची पिशवी होती, आणि आपल्या सीटवर बसून मेथी निवडणारी बायको पाहून ते मधेच थांबले होते. आता त्यांना सांगायचं काय? की तुमच्या ट्रकचे ब्रेक तुमच्या शब्दानं खाली नेले?

"आबा," ती म्हणाली, "इथं या. कान लावा."

आबा गुडघ्यांवर हात देत खाली बसले. कारखान्यातला माणूस, यंत्र बोलतं यावर त्यांचा विश्वास होता. तिनं चाक सुलटं फिरवलं, आजीनं दाबलं, सोडलं. काही नाही. उलटं फिरवलं. टक. आबांनी तिच्याकडे पाहिलं. "परत," ते म्हणाले. टक. "परत." टक. मग त्यांनी स्वतः चाक धरलं, सुलटं फिरवलं, उलटं फिरवलं, आणि त्यांना सगळं कळलं. दीक्षाला एक शब्द बोलावा लागला नाही.

ते उठून बाजेवर जाऊन बसले. मागच्या फळीवरची निळी अक्षरं त्यांनी पुन्हा वाचली.

"म्हणजे इतकी वर्षं ही वाट बघत होती," ते म्हणाले, "आणि मी शेंगदाणे खात बसलो."

"हातानं सारखं करता येईल, आबा," दीक्षा घाईघाईनं म्हणाली. तिला ते तसे बसलेले बघवेना. "चारही चाकं अंदाजानं..."

"अंदाजानंच पातेलं पडलं गेल्या वर्षी. अंदाज नको." त्यांनी मान हलवली. "पण मी नाही घेणार मागं. मला जमणार नाही ते. हात चालणार नाही माझा."

"अहो," आजी केबिनमधूनच म्हणाली, "मागं या म्हणणारे ते हातगाडीवाले केव्हाच गेले. आता तर त्यांची नातवंडं तुमच्या गाडीपुढं सरबत वाटतात. पडलेलं पातेलं त्यांचंच होतं ना?"

आबांनी औषधाची पिशवी उचलली आणि ते आत गेले. दीक्षाला त्या रात्री मेथीची भाजी काही गोड लागली नाही.

शनिवारी पप्पांना सुट्टी होती. सकाळी चहा पिता पिता आबांनी खिशातून किल्ली काढली. पप्पांनी हात पुढं केला. आबांनी किल्ली दीक्षाच्या पुढ्यात ठेवली.

"शब्द मी दिला होता," ते म्हणाले. "हिनं नाही. हिनं यंत्राचं ऐकलंय, हिनंच घ्यावी."

"आबा, ती सोळा वर्षांची आहे!" पप्पा म्हणाले.

"रस्त्यावर कुठं नेतेय? आपल्या जागेत. तू बाजूला बस, हँडब्रेकवर हात ठेव. माझी किल्ली चोरून चालवायला तूच शिकवलंस ना तिला इथं? मला काय दिसत नाही?"

पप्पा चहात बघायला लागले.

दीक्षानं आधी चारही चाकांमागच्या फटीतून स्क्रू ड्रायव्हर घालून चक्र्या थोड्या थोड्या फिरवल्या, शू जवळ आणून ठेवले. शेवटचं काम मात्र ब्रेकचं ब्रेकला करू द्यायचं होतं. मग ती केबिनमध्ये चढली. सीट पुढं ओढली, पाठीला उशी घेतली. आबा जागेच्या टोकाला, पाठ फिरवून उभे राहिले. बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

रिव्हर्सचा गिअर काही केल्या पडेना. कित्येक वर्षं झोपलेला तो! दीक्षानं क्लच पुन्हा दाबला, दांडा दोन्ही हातांनी ओढला, आतून खरखर आवाज आला आणि मग खट्. ट्रक थरथरला. आणि मागे सरणे नाही असं लिहिलेली ती फळी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मागे सरकली.

"ब्रेक," पप्पा म्हणाले. पाय खोल गेला, गाडी थांबली. पुढं. मागं. ब्रेक. पुढं. मागं. ब्रेक. दर खेपेला पॅडल केसभर वर येत होतं. आजी दारात उभी राहून "डावीकडे गं! आता सरळ!" करत होती, जणू जन्मभर ट्रकच वळवत आली होती. गल्लीतली पोरं भिंतीवर चढून बसली. कोणीतरी ओरडलं, "आबांची गाडी मागं चालली!" आणि आणखी पोरं धावत आली. दीक्षाचं सगळं लक्ष पायात होतं. एका खेपेला तिनं दाबलं आणि पॅडल अर्ध्यावरच अडलं. कडक. पुढच्या खेपेलाही तिथंच. त्याच्या पुढच्या खेपेलाही. हवं तेवढं झालं होतं, आणि चक्र्या आपल्या आपण गप्प झाल्या होत्या.

"बघा ना पप्पा! बघा!" तिनं त्यांचा पाय धरून पॅडलवर ठेवला. पप्पांनी दाबलं, पुन्हा दाबलं. रोज नवी कोरी बस चालवणारा माणूस, पण त्याचे डोळे चमकले. "बसपेक्षा बरा लागतोय," ते म्हणाले.

दीक्षानं खिडकीतून पाहिलं तर आबा वळून बघत होते. कधी वळले कोणास ठाऊक.

रविवारी मैदानात निम्मी वस्ती जमली. हिंमतराव शब्दाला जागले. चुन्याची रेघ मारून तिच्यापलीकडे हाताची घडी घालून उभे राहिले. स्टिअरिंगवर आबा. दीक्षा रेघेजवळ उभी होती, कारण तिला आत बसवेना. ट्रक आला, वेग धरला, आणखी धरला. हिंमतरावांनी डोळे मिटले. आबांनी एकदा, फक्त एकदा, पाय दाबला.

ट्रक सरळ रेषेत थांबला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. रेघेच्या अलीकडे, भरपूर अलीकडे.

हिंमतरावांनी एक डोळा उघडला. "थांबला?"

"केव्हाच!" दीक्षा म्हणाली. "तुम्ही उगाच अध्यक्षपद पणाला लावलंत."

हिंमतराव ट्रकला चक्कर मारून आले. चारही चाकांकडे त्यांनी असं बघितलं, जणू काही त्यांना त्यातलं कळत होतं. मग माईकवर बोलतात त्या आवाजात म्हणाले, "चौदा तारखेला पुढं आबांचीच गाडी. आणि दीक्षा कांबळे लेझीम खेळणार नाही. ती गाडीबरोबर चालेल. आमची मेकॅनिक म्हणून." आणि मग हळूच, फक्त तिला, "शाबास गं पोरी."

दीक्षाला काहीतरी झकास उत्तर द्यायचं होतं. पण तिनं नुसता हात वर केला.

चौदा एप्रिलला पुलाच्या उतारावर पुढची लेझीम एकाएकी थांबली, कारण कोणाची तरी चप्पल तुटली होती. आबांनी पाय ठेवला. ट्रक थांबला, मूर्तीपुढच्या भांड्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. गेल्या वर्षी पातेलं आडवं झालेल्या त्याच सरबताच्या टेबलामागून एक म्हातारा पुढं आला आणि त्यानं पहिला पेला आबांना नाही, ट्रकच्या बाजूनं चालणाऱ्या मुलीला दिला. तिनं तो एका दमात संपवला आणि दुसरा मागितला.

ट्रकच्या मागून चालणाऱ्या लोकांमध्ये तेव्हा सारखा हशा पिकत होता. दीक्षाला कळेना का. पुतळ्यापाशी पोचल्यावर ती गर्दीतून वाट काढत मागं गेली. फळीवर जुनी निळी अक्षरं होती तशीच होती. त्याखाली आबांनी आदल्या दिवशी पेंटर बोलावून, तिला कळू न देता, नवी ओळ लिहून घेतली होती. रंग अजून ओला दिसत होता.

मागे सरणे नाही.
अगदीच अडल्यास कु. दीक्षा कांबळे यांना भेटावे.